रेशमावरच्या सुरकुत्या

कॉलेजला राहायला जाताना मुली काय काय घेऊन जातात? कुणी उशी नेतं, कुणी आरसा, कुणी आईचा फोटो. ही पोरगी इस्त्री घेऊन गेली. तीही साधीसुधी नव्हे, लाँड्रीतली, जाड बुडाची. वजन इतकं की हॉस्टेलच्या दुसऱ्या जिन्यावर बॅगेचा पट्टा तुटला आणि बॅग धाडधाड करत पहिल्या मजल्यावर जाऊन थांबली. आवाजाने दोन-तीन दारं उघडली. "काय पडलं गं?" कुणीतरी ओरडलं. "इस्त्री," हिने वरून सांगितलं. झालं! त्या दिवसापासून आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणी विचारलंच नाही. ती इस्त्रीच झाली.

घरचा धंदा लाँड्रीचा. बाबा धुलाई बघायचे, आई आणि मोठा भाऊ इस्त्रीच्या टेबलावर, आणि आत्या डागांवर. डाग शाईचा असो, गंजाचा असो की लिपस्टिकचा, आत्या नुसता बघून सांगायची कुठून आला असेल, आणि त्यातलं बरंचसं मोठ्याने सांगण्यासारखं नसायचं. ही सगळ्यात धाकटी. आधी टेबलाखाली रांगली, मग टेबलाशेजारी उभी राहून घड्या घालू लागली, मग स्टुलावर चढून टेबलावरच आली. शाळेत असतानाच तिच्यासारखं कॉलरचं टोक घरात कुणालाच जमत नव्हतं.

आता या घरची एक गंमत ऐका. भांडणं भरपूर व्हायची, वाफेत उभं राहून डोकी तापणारच, पण माफी तोंडाने मागायची रीतच नव्हती. बाबा आईला काही टाकून बोलले की दुसऱ्या दिवशी आईचे कपडे इस्त्री होऊन खुंटीला लागलेले असायचे. ते बाबांनी केलेत हे बाहीवरच्या दुहेरी रेघेवरून कळायचं, कारण उभ्या जन्मात बाबांना बाही काही जमली नाही. आई ती दुहेरी रेघ तशीच मिरवत दुकानात बसायची आणि भांडण मिटायचं. भावाने हिची सायकल ठोकली तेव्हा त्यानेही असंच केलं, आठवडाभर हिचा गणवेश कडक. त्यामुळे हिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: माणसाबद्दल माया वाटली, काळजी वाटली, चूक झाली, की त्याचे कपडे घ्यायचे आणि इस्त्री करायची. त्यात विचारायचं काय?

कॉलेजात तिने विषय घेतला वनस्पतीशास्त्र. तिथेही तिला सगळ्यात आवडला तो पानंफुलं कागदात दाबून सपाट करायचा तास. "इतका सुरेख दाबलेला नमुना मी पाहिला नाही," असं सर म्हणाले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत हे घराणं कुठलं!

खोली चौथ्या मजल्यावर होती आणि इतकी चिंचोळी की तीन खाटा टाकल्यावर उरलेल्या जागेतून आडवं होऊन चालावं लागे. एक खिडकी, एक कपाट, एक टेबल. आणि बरोबर दोघी. पहिली कायद्याची विद्यार्थिनी, बुटकी, गोल चष्म्याची, तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. पुड्यातलं शेवटचं बिस्कीट कुणी खायचं यावरही ती "पहिला मुद्दा असा की" इथून सुरुवात करायची, आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत बिस्कीट तिच्या पोटात गेलेलं असायचं. दुसरी कापडावरचं नक्षीकाम आणि रंगकाम शिकणारी, ताडमाड उंच, केसांत पेन्सिल खोचलेली. ती रंगारीण. तिच्या खाटेखाली वाकून पाहिलं तर तिने आठवडाभर काय केलं, काय खाल्लं आणि काय शोधूनही सापडलं नाही ते सगळं तिथेच मिळायचं.

इस्त्रीला मात्र ही खोली जीव की प्राण झाली. लहानपणापासून शाळा सुटली की टेबल, सुट्टी लागली की टेबल. मैत्रिणी म्हणजे काय, तर दुकानात कपडे टाकायला येणाऱ्या मुली, आणि त्या कपडे टाकून निघून जायच्या. इथे पहिल्यांदाच दोन माणसं अशी मिळाली होती की जी जातच नव्हती. सकाळी डोळे उघडले की तिथेच, रात्री दिवा बंद केला की तिथेच, आणि वर चिडवायची, कपाटावरून भांडायची, तिचा साबण वापरायची. घरी फोन केला की ती अभ्यासाबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि खोलीबद्दल वीस मिनिटं. आत्या तर म्हणायची, "अगं, तू शिकायला गेलीयेस की खोलीच्या सासरी नांदायला?"

आणि माया वाटल्यावर हिचे हात शिवशिवणारच. वकीलबाईचं बस्तान लवकर बसलं. कॉलेजात लुटुपुटीचं कोर्ट होतं, त्यासाठी काळा कोट हवा होता. तो कोट बॅगेतून निघाला तेव्हा कुणीतरी चावून थुंकल्यासारखा दिसत होता. इस्त्रीने तो असा करून दिला की वकीलबाई खटला जिंकून आली आणि म्हणाली, "माझे मुद्दे लंगडे होते गं, कोट जिंकला." तेव्हापासून ती स्वतःच कपडे घेऊन यायची. "इस्त्री, एवढं बघतेस का?" आणि इस्त्री बघायची.

रंगारिणीचं तसं नव्हतं. तिने कधी काही मागितलं नाही, आणि इस्त्रीला वाटायचं, लाजत असेल बिचारी. म्हणून हिने आपणहून तिची रंगांनी माखलेली जीन्स धुऊन पुढे धारदार रेघ पाडून ठेवली. रंगारीण सकाळी झोपेतच ती चढवून गेली, तर वर्गातल्यांनी विचारलं, "नोकरीच्या मुलाखतीला चाललीस का?" मग हिने तिचा दोऱ्यांचा ढीग रंगाप्रमाणे लावून ठेवला. रंगारिणीला त्यातला एकही दोरा सापडेना. "अगं, ढिगात मला माहीत असतं कुठे काय आहे!" ती करवादली. "माझ्या वस्तूंना हात नको लावूस, बाई. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय मला." इस्त्रीने मान डोलावली. पण पालथ्या घड्यावर पाणी! चार दिवस हात आवरले की पाचव्या दिवशी रंगारिणीचा टॉवेल चौकोनी घडी होऊन तिच्या उशाशी.

शेवटी चिंधीवरून ठिणगी पडली. रंगारिणीच्या खुर्चीवर एक मळकं फडकं कायम पडलेलं असायचं, रंगांच्या डागांनी भरलेलं. शुक्रवारी इस्त्रीने ते आत्याच्या पद्धतीने पाण्यात भिजवलं, चोळलं, आणि पांढरंशुभ्र करून, घडी घालून ठेवलं. आत्याला अभिमान वाटला असता. रंगारीण आली, तिने ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"यावर मी प्रत्येक रंग लावून बघत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "कुठला रंग कशात किती मिसळला की कसा दिसतो ते. अख्ख्या सत्राचं होतं त्यावर."

"मला वाटलं फडकं आहे."

"फडकंच होतं. माझं फडकं!" मग तिचा आवाज चढला तो उतरेचना. जीन्सपासून टॉवेलपर्यंत सगळं बाहेर आलं. "मला माझ्याच खोलीत पाहुण्यासारखं वाटतं. मी काही ठेवलं की उचललं जाईल, धुतलं जाईल, घडी होईल. मी हॉस्टेलच्या मॅडमना सांगणार आहे, मला खोली बदलून द्या." आणि ती खरंच जिना उतरून गेली. परत आली ती एवढंच सांगायला की मॅडमनी प्रदर्शन झाल्यावर तिघींनाही बोलावलंय.

प्रदर्शन म्हणजे रंगारिणीच्या कॉलेजचं. सोमवारी सकाळी परीक्षक येणार होते, आणि सत्राचा सगळा निकाल त्यावर. इस्त्रीच्या मात्र डोक्यात एकच, खोली जाणार. वकीलबाईने समजूत घातली, "अगं, राग आहे, उतरेल." पण इस्त्री रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

आता इथून पुढचं ऐकताना कपाळाला हात लावू नका, कारण ती पोर मनापासून करत होती.

शनिवारी सकाळी रंगारिणीने खाटेखालून एक पिशवी काढली. तिच्यात प्रदर्शनाचं कापड होतं, मोरपंखी रेशीम, तीन आठवडे ती ते कुणाला न दाखवता, खाटेभोवती पडदा ओढून करत होती. तिने ते खिडकीशी दोरीवर पसरलं आणि चौकट आणायला सुताराकडे निघून गेली. वकीलबाई अंघोळीच्या लांबलचक रांगेत अडकलेली. इस्त्री एकटी, आणि समोर ते कापड.

तिच्या तोंडून हायच निघालं. एवढं उंची रेशीम, आणि अवस्था काय ती! सगळीकडे चुरगळलेलं, मध्येमध्ये उंचवटे, कुठे टोकं वर आलेली. "पिशवीत कोंबून कोंबून वाट लावली की गं हिने," ती स्वतःशी म्हणाली. "आणि परवा परीक्षक!" तिला रंगारिणीची इतकी दया आली की कालचा अपमानही ती विसरली. आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हीच संधी. माफी मागायची याहून चांगली वेळ कुठली?

तिने टेबल मोकळं केलं, खाली जाड चादर घातली, तिच्यावर स्वच्छ सुती कापड. इस्त्री अगदी मंद ठेवली, रेशमाला आच सोसत नाही. कापड उलटं केलं, वरून ओलसर रुमाल, आणि मग हळूहळू, एकेक उंचवटा, एकेक सुरकुती. काही सुरकुत्या फारच चिवट होत्या. पण ही लाँड्रीवाल्याची लेक! तिने हार मानली नाही. तासभर खपून तिने ते कापड असं केलं की हात ठेवला तर घसरावा. असली इस्त्री तिने जन्मात केली नव्हती. मग ते हँगरला लावून तिने खिडकीत टांगलं आणि खाटेवर बसून, रंगारीण काय म्हणेल याची वाट बघू लागली.

आधी वकीलबाई आली, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिने कापड बघितलं, इस्त्रीकडे बघितलं, परत कापड बघितलं. "हे तू..." ती एवढंच म्हणाली आणि हसू लागली. वाईट वेळी येणारं ते हसू, जे दाबलं की वाढतं. "अगं बये! त्या सुरकुत्या हेच तर तिचं काम होतं! एकेक खडा कापडात बांधून, वाफ देऊन पाडल्या होत्या तिने! काल जेवताना मला सांगितलंन!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग एकदम तिचं हसू थांबलं, कारण दारात चौकट घेऊन रंगारीण उभी होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चौकट तिने भिंतीला टेकवून ठेवली, कापडावरून एकदा तळवा फिरवला, आणि खाली बसली. इस्त्री कशीबशी म्हणाली, "मी तुझी माफी मागत होते." त्यावर रंगारिणीने तिच्याकडे असं पाहिलं की इस्त्री चपला घालून सरळ जिन्याने खाली पळाली.

हॉस्टेलच्या मागच्या पायरीवर बसून तिने घरी फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "कापड जळलं का?"

"नाही."

"चमक गेली?"

"नाही हो बाबा!"

"मग इस्त्री चांगली झाली म्हणायची," बाबा म्हणाले. मागून आत्याचा आवाज आला, "सुरकुत्या पाडायला कॉलेजात जावं लागतं? आमच्याकडे गिऱ्हाइकं फुकट पाडून आणतात!" तेवढ्यात आईने फोन हिसकावला.

"तू तिला विचारलंस का?" आई म्हणाली.

"काय?"

"इस्त्री करू का म्हणून."

इस्त्रीने नाक ओढलं.

"अगं, आपल्या दुकानात कपडे कोण आणतं?"

"गिऱ्हाईक."

"स्वतः आणतं ना? गठ्ठा बांधून, आपल्या हाताने आपल्यासमोर ठेवतं. तेव्हा कुठे आपण हात लावतो. समोरच्या घरच्या दोरीवरचे कपडे ओढून आणून इस्त्री केलेत का कधी आपण? केले असते तर लोकांनी जोड्याने मारलं असतं."

"पण बाबा तुझे कपडे..."

"तुझे बाबा नवरा आहेत माझा. आणि तेव्हासुद्धा मला वाटायचं, मेल्याने एकदा तोंडाने बोलावं." बाबांचं मागून "काय?" ऐकू आलं. आई त्यांच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाली, "जा वर. आणि तोंडाने बोल."

इस्त्री वर गेली. रंगारीण जमिनीवर बसून कापडाच्या एका कोपऱ्यात खडा ठेवून दोरा गुंडाळत होती. वकीलबाई शेजारी बसून मदत करत होती, म्हणजे काय, तिने बांधलेली गाठ सुटून खडा खाटेखाली जायचा आणि मग ती खडा शोधायला पोटावर सरपटायची.

"माझं चुकलं," इस्त्री दारातूनच म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, आणि ते किती खरखरीत लागतात याचं तिलाच नवल वाटलं. "मी विचारायला हवं होतं. जीन्सच्या वेळीही, दोऱ्यांच्या वेळीही, फडक्याच्या वेळीही. मी काय करू?"

"हात लावू नकोस," रंगारीण वर न बघता म्हणाली.

"बरं."

आणि तिने खरंच हात लावला नाही. खाटेवर जाऊन बसली, हाताची घडी, तोंडावर बोट. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या मुलीने सुती चादरीवरची सुरकुतीसुद्धा कधी सोडली नाही, तिने समोर सुटणाऱ्या गाठी बघत गप्प बसायचं म्हणजे काय ते करून बघा. वकीलबाईची सातवी-आठवी गाठ सुटली तेव्हा इस्त्रीने हात मांड्यांखाली दाबून धरले. दुपार कलली. पोटात कावळे ओरडत होते, पण जेवायला कुणीच उठलं नाही. कापडाचा जेमतेम हातभर भाग झाला होता आणि अजून केवढं तरी बाकी होतं. रंगारिणीची बोटं दोऱ्याने लाल झाली होती.

शेवटी वकीलबाईचा खडा उडून थेट इस्त्रीच्या कपाळावर बसला. इस्त्रीने चूं केलं नाही. रंगारिणीने ते पाहिलं. तिने हातातला दोरा खाली ठेवला, कापडाचं दुसरं टोक उचललं आणि इस्त्रीच्या मांडीवर आणून ठेवलं.

"बांध," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसं."

इस्त्रीला रडू येत होतं, पण हातात रेशीम होतं आणि रेशमावर पाण्याचा डाग पडतो. तिने रडू गिळलं आणि बांधायला घेतलं. बोटं तिची चपळ, गाठ घट्ट, एक खडा सुटेल तर शपथ. घटकाभरात तिने टोकाकडचा पट्टा भरून टाकला. रंगारीण बघायला आली आणि तिने डोक्यावर हात मारला.

"हे काय? कवायतीला उभे केलेस का त्यांना?"

खडे सगळे एका रांगेत होते. एकाच आकाराचे. दोन खड्यांमध्ये अंतर अगदी सारखं.

"चुकलं का?"

"अगं, जरा बिघडव ना! एक मोठा घे, एक बारीक घे. इथे गर्दी, इथे मोकळं. मनाला येईल तिथे."

"मनाला हेच येतं," इस्त्री काकुळतीने म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच रंगारीण हसली. अगदी थोडंसं, पण वकीलबाईने ते टिपलं आणि ती म्हणाली, "नोंद घ्यावी, फिर्यादी हसली."

रविवारी दुपारी तिघी कापड घेऊन खालच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या मावशींनी मोठं पातेलं दिलं, वर "सुरकुत्या पाडताय? मला विचारायचं, माझ्या तोंडावर आहेत तेवढ्या घ्या" असंही ऐकवलं. वाफ तर झाली, पण कापड वाळेना. बाहेर आभाळ आलेलं, आणि ओलं असताना दोरे सोडले तर सगळ्या सुरकुत्या उलगडून जाणार.

"इस्त्रीने वाळेल," इस्त्री म्हणाली आणि दोघींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती घाईघाईने पुढचं वाक्य बोलली, "टेकवायची नाही! वर धरायची, हवेत. विचारतेय फक्त. करू का?"

रंगारिणीने बांधलेलं कापड तिच्यासमोर सरकवलं. "कर," ती म्हणाली. "पण टेकवलीस तर बघ!"

मग ती वजनदार इस्त्री दोन्ही हातांत धरून, कापडापासून वीतभर वर, इस्त्री उभी राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. हात भरून आले. खाली ते उंचवटे, ते फुगे, ती चुरगळ, आणि बोटांना लहानपणापासूनची एकच सवय: दाब. वकीलबाई शेजारी उभी राहून तिचा दंड धरून होती. "आरोपीने संयम बाळगावा," ती पुटपुटायची. इस्त्रीच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती ओठ चावून म्हणत होती, "नाही टेकवणार, नाही टेकवणार." आणि नाही टेकवली.

दोरे सोडले तेव्हा तिघीही कापडावर वाकल्या होत्या. कापड उठलं. रंगारिणीची बाजू मनसोक्त विस्कटलेली, आणि इस्त्रीच्या टोकाचे उंचवटे, ती नंतर कितीही बिघडवायला गेली तरी, शिस्तीत.

सोमवारी परीक्षकांनी कापड खूप वेळ पाहिलं. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "हा भाग सुंदर आहे. पण हे टोक कुणाला तरी घाबरून बसल्यासारखं दिसतंय." रंगारिणीला बरा शेरा मिळाला, चांगला नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन तिने ते जसंच्या तसं सांगितलं.

"पहिलं काम जास्त चांगलं होतं," ती म्हणाली. "तसं परत होणार नाही. मला त्याचं वाईट वाटतंय आणि बरेच दिवस वाटेल."

"वाटू दे," इस्त्री म्हणाली. "मलाही वाटतंय." तिला आणखी पुष्कळ काही बोलावंसं वाटत होतं, आणि रंगारिणीचा शर्ट खुर्चीवर चुरगळून पडला होता, तिकडेही तिचे डोळे जात होते. पण ती जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मॅडमचं ऑफिस तळमजल्यावर, किल्ल्यांच्या फळीखाली. जिना उतरताना इस्त्री सगळ्यांत मागे राहिली. तिने मनाशी ठरवलं होतं, काही मागायचं नाही, रडायचं नाही, रंगारीण म्हणेल ते मान्य. उशीची खोळसुद्धा तिने सकाळीच काढून ठेवली होती, जायचंच झालं तर उशीर नको म्हणून.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "खोली बदलायची होती ना?"

वकीलबाई लगेच पुढे झाली. "पहिला मुद्दा असा मॅडम, की माझ्या पक्षकाराचा हेतू—"

"तू बस गं," मॅडम म्हणाल्या. वकीलबाई बसली. मॅडमनी इस्त्रीकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"ती म्हणेल तसं," इस्त्री म्हणाली. "मला राहायचंय. पण ती म्हणेल तसं."

मग मॅडमनी रंगारिणीकडे पाहिलं. रंगारिणीने केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. "मॅडम, खोली बदलायची आहे," ती म्हणाली. "मी तसं सांगितलं होतं आणि अजून तेच म्हणतेय."

इस्त्रीने खाली बघितलं. फरशीवरच्या रेघा तिला दिसेनाशा झाल्या.

"वरची खोली फार चिंचोळी आहे," रंगारीण पुढे म्हणाली. "कापड पसरायला जागा नाही, हिला इस्त्री धरून उभं राहायला जागा नाही, आणि ही वकीलबाई दिवसभर खाटेखाली खडे शोधत असते. आम्हाला मोठी खोली हवी. तिघींना."

मॅडमनी चष्मा काढला. "तिघींना?"

"तिघींना."

"मोठी खोली नाहीये," मॅडम म्हणाल्या. "चला, पळा वर. आणि परत माझा वेळ खाल्लात तर तिघींनाही वेगवेगळ्या मजल्यावर टाकीन."

बाहेर येईपर्यंत इस्त्रीने कसंबसं धरून ठेवलं. मग जिन्याच्या पहिल्या वळणावर तिने भोकाड पसरलं, असं की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. "काय झालं गं?" कुणीतरी ओरडलं.

"काही नाही," रंगारीण वर बघून म्हणाली. "आमची आहे." आणि मग इस्त्रीकडे वळून, "बाहीला नाक पुसू नकोस, मूर्खे. परत धूत बसशील."